अस्थी, अणू आणि उंदीर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत विज्ञानही शिकवीत आणि तास मोकळा मिळाला की मराठीही शिकवीत. विज्ञानातील गोष्ट मराठीत सांगता येत नसेल तर ती आपल्याला पुरती कळलेली नाही असे समजावे, हा त्यांचा दंडक येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. संस्थेने मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा त्या दंडकाला उतरणे कठीण जाईल असाच विषय मी घेतला. उंदरासारख्या लहान प्राण्याच्या हाडात वाढणारे अर्बुद, म्हणजे ज्याला आपण गाठ म्हणतो ते, किरणोत्सारी अणूंच्या साहाय्याने पाहण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांची तुलना मला आज करावयाची आहे. मी वैद्य नव्हे. पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आहे. गॅमा किरणांची मोजणी हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता, आणि त्या वाटेनेच मी या प्रांतात शिरलो.

अणू म्हटला की सुरतकरांना काकरापार आठवते आणि उंदीर म्हटला की १९९४ चा सप्टेंबर महिना. दोन्ही आठवणी धाकाच्या. आज मी या दोघांना एकत्र आणणार आहे ते मात्र निराळ्या कारणासाठी, आणि ते कारण शाळेच्या सभागृहात सांगण्यासारखे आहे. हाडातच उद्भवणाऱ्या कर्करोगांत ऑस्टिओसार्कोमा हा प्रमुख. तो बहुधा दहा ते वीस या वयात होतो, म्हणजे उंची झपाट्याने वाढत असताना. आणि त्याची आवडती जागा गुडघ्याच्या जरा वर किंवा जरा खाली. १९७० च्या दशकापर्यंत पाय कापणे हाच उपाय होता, आणि तो करूनही पाचांपैकी सुमारे चार मुले दगावत, कारण निदान होईपर्यंत रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसलेले असत. पुढे औषधोपचार आले. रोग एकाच जागी असताना सापडला तर तिघांपैकी सुमारे दोघे वाचू लागले, आणि पुष्कळांचा पायही वाचू लागला. पण १९८० च्या दशकानंतर हा आकडा फारसा पुढे सरकलेला नाही. चार दशके एखादी गोष्ट एका जागी अडून राहते तेव्हा नवे औषध शोधावे लागते, आणि ते औषध मुलाला देण्याआधी कोणाला तरी देऊन पाहावे लागते. तो कोणी तरी म्हणजे उंदीर.

येथे थोडे विषयांतर करतो. १९८० च्या सुमारास माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गातील एका मुलाचा गुडघा दुखू लागला. खेळताना मार लागला असेल म्हणून घरच्यांनी दोन महिने तेल चोळले, मग एका हाडवैद्याकडून पाय बांधून घेतला. अखेर फ्लाइंग रानीने त्याला मुंबईस नेले, तेव्हा मांडीतून पाय काढावा लागला. तो मुलगा जगला, संसारालाही लागला. परंतु शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की एकाच बाजूचे, रात्री झोपेतून उठवणारे आणि काही आठवडे उलटूनही न थांबणारे दुखणे असेल तर चोळू नये; एक्स-रे काढावा. असो.

हाड आणि अणू यांचा संबंध जुना आहे, आणि त्याच्या मुळाशीही उंदीरच आहे. हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसे वापरून वनस्पतीच्या मुळांतून आणि देठांतून शिसे कसे फिरते ते पाहिले. साध्या अणूंच्या गर्दीत थोडे किरणोत्सारी अणू मिसळले की ते जातील तेथून खूण देत राहतात, अशी ही युक्ती. १९३५ मध्ये कोपनहेगनला त्याने आणि किएविट्झ या सहकाऱ्याने किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना खाऊ घातला आणि त्यांची हाडे तपासली. तोवर हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत अशी समजूत होती. प्रयोगाने दाखविले की हाडातला फॉस्फरस सतत बाहेर पडतो आणि नवा आत येतो; भिंत रोज थोडी पाडली जाते आणि रोज थोडी बांधली जाते. १९४३ चे नोबेल पारितोषिक हेवेशीला या मागोवा घेण्याच्या पद्धतीसाठी मिळाले. मात्र त्या प्रयोगात उत्तर मिळवण्यासाठी उंदीर मारावा लागे, त्याच्या हाडांची राख करावी लागे आणि ती राख गणकयंत्राखाली धरावी लागे. पहिल्या दिवशी काय झाले ते कळण्यास एक उंदीर, पाचव्या दिवशीचे कळण्यास दुसरा. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आपल्याकडे ही परंपरा परळला रुजली. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झालेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परत आल्या, परळला त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या विशिष्ट वाणांवर स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दुसरीकडे तुर्भ्याला १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली आणि १९६३ मध्ये परळलाच अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. उंदीर पाळणारे आणि अणू बनविणारे असे एका गावात नांदू लागले. आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत लहान प्राण्यांच्या प्रतिमा घेण्याची सोय आहे.

आता पद्धतींकडे वळतो. प्रथम अडचण समजून घ्या. माणूस सत्तर किलोचा, उंदीर पंचवीस ग्रॅमचा. म्हणजे वजनात २,८०० पट अंतर. २,८०० चे घनमूळ सुमारे चौदा, म्हणून लांबी-रुंदीत उंदीर आपल्यापेक्षा चौदा पट लहान. रुग्णालयातले यंत्र माणसाच्या शरीरात पाचेक मिलिमीटरचा ठिपका वेगळा दाखवू शकत असेल, तर तितकेच स्पष्ट उंदरात दिसण्यास मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतके बारीक पाहावे लागेल. उंदराच्या नडगीचे हाड लांबीला पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास आणि जाडीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर. म्हणून रुग्णालयातले यंत्र उंदरावर नुसते रोखून भागत नाही.

पहिली पद्धत स्पेक्ट. टेक्नेशियम-९९ एम हा अणू एका फॉस्फेटसदृश रेणूला जोडून शिरेतून देतात. हे संयुग नव्या बनणाऱ्या हाडाच्या पृष्ठभागाला चिकटते. अशा प्रकारचे पहिले उपयुक्त संयुग १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे डॉ. गोपाळ सुब्रमण्यन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने मॅकअ‍ॅफी यांच्यासह तयार केले, आणि त्याच घराण्यातले एमडीपी आज जगभर बोन स्कॅनसाठी वापरतात. टेक्नेशियममधून बाहेर पडणारा गॅमा किरण एकेकटा येतो. तो कोठून आला हे ठरविण्यासाठी शिशाच्या किंवा टंगस्टनच्या पडद्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडतात. लहानपणी खोक्याला भोक पाडून आपण कॅमेरा करीत असू, तीच ही युक्ती. वस्तू छिद्राजवळ आणि पडदा दूर असला की चित्र मोठे पडते. म्हणून उंदीर छिद्राच्या अगदी जवळ ठेवला तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळू शकतो. किंमत एवढीच की छिद्रातून येणारे तेवढेच किरण कामास येतात, बाकीचे पडद्यात अडतात. हजारांत एखाददुसरा हाती लागतो.

दुसरी पद्धत पेट. यात फ्लोरिन-१८ सारखा अणू पॉझिट्रॉन सोडतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. दोन्ही बाजूंना एकाच क्षणी खूण उमटली की त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घटना घडली असे समजावे. पडदा नको, छिद्र नको. त्यामुळे शंभरांतील काही किरण तरी कामी येतात. ही संवेदनशीलता स्पेक्टच्या कित्येक पट असू शकते. पण निसर्गाने येथे एक मेख मारून ठेवली आहे. पॉझिट्रॉन जेथे जन्मतो तेथेच नष्ट होत नाही, थोडा भटकतो. फ्लोरिन-१८ चा पॉझिट्रॉन सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर जातो, गॅलियम-६८ चा सुमारे तीन मिलिमीटर. माणसाच्या मांडीच्या हाडात तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. उंदराच्या बाबतीत तो हाड ओलांडून स्नायूत पोचलेला असतो. कितीही महाग यंत्र घेतले तरी हा भटकेपणा थांबत नाही. माणसात पेटचे चित्र स्पेक्टहून स्वच्छ आणि उंदरात स्पेक्टचे पेटहून बारीक, असा उलट न्याय दिसतो तो यामुळे. रुग्णालयाचा अनुभव जसाच्या तसा प्रयोगशाळेत नेणारे येथेच फसतात.

यंत्रांच्या या तुलनेवर पुष्कळ शाई खर्च होते. माझ्या मते ती दुय्यम आहे. आपल्या वराछा किंवा महिधरपुऱ्यातल्या हिरेपारख्याला विचारा. रंग पाहावयाचा तर तो हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवतो, आतला डाग पाहावयाचा तर दहा पटींचे भिंग लावतो, वजन पाहावयाचे तर काट्यावर ठेवतो. यांत चांगली पद्धत कोणती असे विचारले तर तो आपल्याकडेच पाहत राहील. तसेच येथे आहे. खरा भेद यंत्रापेक्षा आपण कोणता अणू कोणत्या रेणूवर बसवून पाठविला यात आहे. टेक्नेशियमचे संयुग असो की नुसता फ्लोराइड असो, दोन्ही हाड कोठे बांधले जात आहे एवढेच सांगतात. मेहसाण्याकडच्या विहिरींतला फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात जाऊन हाडात साचतो हे आपण गुजरातेत राहणारे जाणतो. त्याच ओढीने किरणोत्सारी फ्लोराइड नव्या हाडात जाऊन बसतो. अर्बुद त्यांना दिसत नाही. अर्बुदाच्या त्रासाने शेजारचे हाड जी धडपड करते ती दिसते. याउलट एफडीजी ही किरणोत्सारी अणू जोडलेली साखर. ती जेथे पेशी भुकेल्या असतील तेथे जाते. अर्बुदाच्या पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून अर्बुद उजळते. पण सुजेच्या पेशीही साखर ओढतात, आणि उंदीर थंडीने कुडकुडत असेल तर त्याच्या खांद्यांमधली चरबीसुद्धा ओढते. उपाशी ठेवला होता की नाही, उबेत होता की नाही, भूल केव्हा दिली, यावर चित्र बदलते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. प्रयोगात बहुधा अर्बुदाच्या मानवी पेशी सुईने थेट उंदराच्या नडगीत सोडतात. कातडीखाली सोडणे सोपे. पण तेथे हाड नाही, आणि हाडाशी होणारा झगडा पाहणे हाच तर हेतू असतो. आता सुईने हाडाला भोक पडले. भोक बुजविण्यासाठी हाड कामाला लागते. आठवड्याने फ्लोराइडचे चित्र घेतले तर ती जागा झगझगीत दिसते, आणि नवखा संशोधक म्हणतो, अर्बुद धरले. म्हणून शहाणा संशोधक उजव्या नडगीत तशाच सुईने नुसते मिठाचे पाणी सोडतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही पाय उजळतात. तिसऱ्या आठवड्यात उजवा निवतो, डावा चढतो. हा फरक म्हणजे अर्बुद. अर्बुद हाड खाणारे असेल तर फ्लोराइडच्या चित्रात कडेला उजळ कडे आणि मध्ये काळोख दिसतो, तेव्हा मधली जागा साखरेचे चित्र भरून काढते. अर्बुद फार वाढून त्याच्या मध्यभागी रक्त पोचेनासे झाले तर साखरेच्या चित्रातही मध्य काळा पडतो. तेथे काही नाही असे वाटते, आणि असते ते मेलेले मांस.

आता औषध द्या. औषध लागू पडले तर अर्बुदाच्या पेशींची भूक लवकर मंदावते, साखरेचे चित्र फिके होते. हाड मात्र शत्रू हटला म्हणून डागडुजीला अधिक जोराने लागते, आणि फ्लोराइडचे चित्र काही काळ आणखी उजळते. एकाच उंदराच्या एकाच पायाची दोन चित्रे. एक म्हणते बरा होतो आहे, दुसरे म्हणते बिघडतो आहे. दोन्ही खरी आहेत. माणसातही हा प्रकार आढळतो आणि अनुभवी डॉक्टर त्याला फसत नाही. पण ज्या प्रयोगात एकच चित्र घेतले आणि त्यावरून चांगले औषध टाकून दिले, तेथे नुकसान कोणाचे झाले हे कधी कळतही नाही.

आणखी एक गोष्ट. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी जो वाढीचा पट्टा असतो तो या चित्रांत निरोगी स्थितीतही उजळच दिसतो. ऑस्टिओसार्कोमा नेमका त्याच्या शेजारी घर करतो. तरुण उंदीर घ्यावा तर हा उजेड आड येतो. म्हातारा घ्यावा तर त्याचे हाड मुलाच्या हाडासारखे वागत नाही. डाव्या-उजव्याची तुलना करणे एवढाच मार्ग उरतो. बोन स्कॅनच्या चित्रात चौदा वर्षांच्या मुलाचे दोन्ही गुडघे दिव्यासारखे दिसतात. ते पाहून पालकांनी घाबरू नये. एकच गुडघा वेगळा दिसतो का, हे डॉक्टर पाहत असतात.

पैशाचाही विचार आलाच. फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये बनतो आणि ११० मिनिटांत निम्मा होतो. मुंबईहून मोटारीने सुरतेस येण्यास पाच तास धरले तर येथे पोचेपर्यंत जेमतेम सातवा हिस्सा उरतो. टेक्नेशियमही सहा तासांत निम्मा होतो, पण त्याचा जनक मॉलिब्डेनम निम्मा होण्यास ६६ तास घेतो. म्हणून जनकच पाठवितात आणि लागेल तेव्हा त्यातून टेक्नेशियम धुऊन काढतात. या भांड्याला जगभरचे तंत्रज्ञ गाय म्हणतात आणि त्या क्रियेला दूध काढणे. भारतात रुग्णांसाठी पहिला सायक्लोट्रॉन आणि पेट २००२ मध्ये परळला आले. त्यानंतर यंत्रे वाढली. तरीही माझे मत असे की मर्यादित पैशात काम करणाऱ्या प्रयोगशाळेने एक साधा गॅमा कॅमेरा, त्याला सूचिछिद्र आणि आठवड्याला एक गाय एवढ्यावर नेमका प्रश्न घेऊन बसावे. नेमक्या प्रश्नाविना आणलेले कोट्यवधींचे यंत्र शोभेची वस्तू होते. अशी मी पाहिली आहेत. नावे घेत नाही.

आता मघाचा मुद्दा, उंदराच्या जिवाचा. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन करून ठेवले आहे. लंगड्या-म्हाताऱ्या गुरांची तेथे सोय होतीच, पण ढेकूण-पिसवांसाठीही जागा होती, आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर तेथे निजवीत. आपल्याला हसू येते. मला मात्र त्या गरीब माणसाचा विचार आधी सुचतो: एका जिवाची कणव दुसऱ्याच्या अंगावर काढली जात होती. प्रयोगशाळेत हाच हिशोब उलट दिशेने चालतो आणि म्हणून तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी नियम सांगितला: शक्य तेथे प्राणी टाळा, टाळता येत नसेल तर संख्या कमी करा, आणि जे लागतील त्यांच्या वेदना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख असते.

प्रतिमाचित्रणाचे मोठे मोल येथे आहे. समजा आठ निरनिराळ्या दिवशी काय घडते ते पाहावयाचे आहे आणि प्रत्येक दिवसासाठी सहा उंदीर हवेत. हेवेशीच्या रीतीने अठ्ठेचाळीस लागतील. चित्र घेऊन पाहिले तर तेच सहा आठही दिवशी पुरतील, आणि कालचा व आजचा उंदीर एकच असल्याने तुलनाही अधिक भरवशाची होईल. मात्र हे फुकट मिळत नाही. आठ वेळा भूल द्यावी लागते. रचना दिसावी म्हणून जोडीला सीटी घेतले तर क्ष-किरणांची मात्रा साचते, आणि ती मात्राच अर्बुदावर औषधासारखी काम करू लागली तर प्रयोग बिघडतो. अखेरीस काही उंदरांचे हाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. त्यावाचून चित्राची साक्ष पडताळता येत नाही. उंदीर वाचला असे कोणी म्हणू नये. थोडे लागले, एवढेच म्हणावे.

या मार्गाने काय हाती लागते याचे एक घरचे उदाहरण देतो. कर्करोग हाडांत पसरला की होणाऱ्या वेदना असह्य असतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी ध्रुव अणुभट्टीत बनविलेले ल्युटेशियम-१७७ ईडीटीएमपी या हाडाकडे ओढ असलेल्या संयुगाला जोडले. हा अणू साडेसहा दिवसांहून थोड्या अधिक काळात निम्मा होतो. त्याचे बीटा कण वेदनेच्या जागी काम करतात आणि त्याच वेळी निघणारे गॅमा किरण तो कोठे गेला ते कॅमेऱ्याला सांगतात. औषधच आपला ठावठिकाणा कळवते. ते हाडातच जाते, यकृतात वा मूत्रपिंडात रेंगाळत नाही, हे प्रथम विस्टार वाणाच्या उंदरांत पाहिले गेले. मग रुग्णांपर्यंत ते पोचले. ज्या रेडियमने १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींच्या हाडांत अर्बुदे निर्माण केली, त्याच मूलद्रव्याचा रेडियम-२२३ हा भाऊबंद २०१३ पासून हाडांतल्या कर्करोगावर औषध म्हणून वापरला जातो. ओढ तीच, हाडाची.

राहिले फुप्फुस. मुलाचा जीव गुडघ्यातले अर्बुद घेत नाही; फुप्फुसात गेलेले त्याचे कण घेतात. ऑस्टिओसार्कोमाचे कण फुप्फुसातही हाड बनवू पाहतात, म्हणून ते मोठे झाले की फ्लोराइडलाही सापडतात. पण उंदराच्या फुप्फुसातला कण मिलिमीटरच्या आतला असतो, आणि भुलेखालीसुद्धा उंदीर श्वास घेतच असतो, त्यामुळे चित्र हलते. श्वासाच्या लयीशी चित्र जुळवून घेण्याचे उपाय निघाले आहेत. तरी त्या आकाराचा कण जिवंत उंदरात खात्रीने दाखविणे आज मी सांगितलेल्या कोणत्याही एका पद्धतीला साधलेले नाही. या शाळेतून पदार्थविज्ञानाकडे जाणारी जी मुले-मुली समोर बसली आहेत, त्यांनी व्याख्यानानंतर मला येथेच गाठावे. छिद्राच्या भूमितीची काही गणिते मी कागदावर लिहून आणली आहेत.